तैल-अभ्यासचित्र

तैलरंगांत, लहान फलकावर व सामान्यतः एकाच बैठकीत पूर्ण केलेले अभ्यासात्मक चित्र. त्याचा आकार बहुधा १३ × १८ सेंमी. पासून २५ × ३० सेंमी. पर्यंत असतो आणि त्यासाठी अर्ध्या तासापासून दोन-अडीच तासांपर्यंत वेळ लागतो. ह्या प्रकारात रंग फारसे पातळ न करता घट्ट स्वरूपातच वापरतात व कुंचल्याचा एक फटकारा दुसऱ्यात न मिसळता त्याच्या शेजारी ठेवतात. मोठ्या चित्राच्या पूर्वतयारीसाठी केलेला खर्डा आणि अभ्यासचित्र ह्यांत फरक आहे. खर्ड्यात नियोजित चित्राची मांडणी ठरते. अभ्यासचित्रात चित्रकाराची नजर घडते. त्यातून पुढे मोठे चित्र निर्माण व्हावेच, अशी अपेक्षा नसते.

स्वरूप : न मिसळलेला जाड फटकारा हा पुष्कळदा शैलीचा किंवा स्वभावाचा भाग मानला जातो. अभ्यासाच्या संदर्भात मात्र त्याचे प्रयोजन वेगळे आहे. खिडकीतून येणाऱ्या उजेडात ठेवलेल्या मातीच्या मडक्याचे उदाहरण घेता येईल. नवशिका चित्रकार मडक्याची उजळ बाजू फिकट व दुसरी बाजू गडद रंगवतो आणि मधली सीमारेषा मऊ कुंचल्याने पुसून एकजीव करतो. मडके गोल दिसू लागते. परंतु हा गोलपणा निरीक्षणातून आलेला नसून हाताच्या सवयीतून आलेला असतो. ह्याच मडक्याचे चित्रण रंग न मिसळता करावयाचे असेल, तर उजेड आणि छाया ह्यांच्या दरम्यान तीन-चार स्वतंत्र रंगखंड शोधावे लागतात. त्यांपैकी प्रत्येकाचा गडद-फिकेपणा निराळा असतो. एक किंचित उबदार, दुसरा थंड, तर तळाजवळचा खंड खालच्या कापडावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने रंगलेला असतो. हे सर्व रंग पॅलेटवरच सिद्ध करावे लागतात. कारण फलकावर त्यांत दुरुस्ती करण्याची मुभा नसते. एखादा रंगखंड चुकला, तर दोन मीटर अंतरावरूनही ती चूक उठून दिसते. रंग घोटून एकजीव केलेल्या चित्रात चूक पसरते व पसरल्यामुळे लपते. जाड, सुट्या फटकाऱ्यांच्या चित्रात प्रत्येक फटकारा हा एक निर्णय असतो आणि तो तपासता येतो. ह्या अभ्यासाचे शैक्षणिक मूल्य मुख्यतः ह्या तपासणीत आहे.

लहान आकाराचेही असेच महत्त्व आहे. तळहाताएवढ्या फलकावर दीड-दोन सेंमी. रुंदीचा चपटा कुंचला वापरला, की पाने, विटा, पापण्या ह्यांसारखे तपशील रंगविणे अशक्य होते. चित्रकाराला प्रथम मोठे आकार, त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण आणि त्यांच्या छटांचे नाते एवढेच पाहणे भाग पडते. शिवाय रंग थोडा लागतो आणि चित्र फसले तर ते खरवडून टाकण्यात फारसे दुःख होत नाही. एका मोठ्या चित्राला लागणाऱ्या रंगात व वेळात अशी पंधरा-वीस चित्रे होऊ शकतात. म्हणजेच एका चुकीऐवजी पंधरा-वीस चुकांपासून शिकता येते.

साधने व तंत्र : लाकूड, दाबीव लाकडी फळी किंवा पुठ्ठ्यावर चिकटविलेले कापड ह्यांवर अस्तर देऊन फलक तयार करतात. जाड रंगलेपासाठी ताणलेल्या कापडापेक्षा न वाकणारा फलक अधिक सुरक्षित ठरतो. कारण कापडाच्या हालचालीमुळे जाड लेपाला तडे जाण्याचा संभव असतो. पांढऱ्या अस्तरावर तपकिरी किंवा करड्या रंगाचा पातळ हात दिल्यास छटांचा अंदाज घेणे सोपे जाते. कुंचले डुकराच्या राठ केसांचे व चपटे असतात. पांढरा, पिवळा, तांबडा, निळा व एखादा मातकट रंग एवढी सामग्री पुरेशी होते. काळा रंग आरंभी न घेणे हितावह, असे अनेक शिक्षक सांगतात. मोजक्या रेषांनी आकार निश्चित केल्यावर सर्वांत गडद व सर्वांत उजळ खंड प्रथम मांडतात आणि मग मधल्या छटा भरत जातात. कुंचल्यावर रंग भरपूर घ्यावा, तो एकदाच टेकवावा व उचलावा आणि पुढील फटकाऱ्यापूर्वी कुंचला पुसावा, हा ह्या तंत्रातील मुख्य नियम होय. पॅलेट नाइफनेही असा अभ्यास करता येतो.

तैलरंगांतील बंधकद्रव्य हे वाळणारे तेल असते. त्यात जवसाचे तेल प्रमुख असून, पांढऱ्या व फिकट रंगांसाठी कमी पिवळे पडणारे करडईचे तेलही वापरतात. जवस व करडई ही दोन्ही मराठवाड्यातील रब्बी हंगामाची परंपरागत पिके आहेत. सोयाबीनच्या प्रसारानंतर त्यांखालील क्षेत्र घटले. घाण्यावर काढलेले खाद्यतेल मात्र रंगात तसेच मिसळणे योग्य नाही; त्यातील अशुद्ध द्रव्यांमुळे रंग नीट वाळत नाही. ही तेले पाण्यासारखी उडून जात नाहीत, तर हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतात. त्यामुळे जाड लेपावर प्रथम साय धरते व आतील रंग पूर्ण वाळण्यास कित्येक महिने लागू शकतात. ह्याच रासायनिक क्रियेत उष्णता निर्माण होते. म्हणून तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास तो आपोआप पेट घेण्याची भीती असते. कडक उन्हाळ्याच्या प्रदेशांत अशा चिंध्या पसरून वाळविणे किंवा पाण्यात बुडवून ठेवणे आवश्यक ठरते. टर्पेंटाइनची वाफ आरोग्यास अपायकारक असल्याने बंद खोलीत काम करू नये.

ऐतिहासिक आढावा : प्रत्यक्ष निसर्गासमोर तैलरंगांत अभ्यास करण्याची प्रथा यूरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. फ्रेंच चित्रकार प्येअर-आंरी द व्हालांस्येन (१७५०–१८१९) ह्याने रोमच्या परिसरात असे अनेक अभ्यास केले. उजेड सतत पालटत असल्याने एका अभ्यासाला दोन तासांहून अधिक वेळ देऊ नये आणि सूर्योदय वा सूर्यास्त असल्यास अर्ध्या तासातच थांबावे, असे त्याने आपल्या ग्रंथात सांगितले. इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) ह्याने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेड येथे केलेले मेघाभ्यास प्रसिद्ध आहेत. त्यांतील अनेकांच्या मागे त्याने तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा ह्यांची नोंद केली आहे. अशा चित्रांना तो स्वतः प्रदर्शनीय कलाकृती मानीत नव्हता. त्याच्या मुलीने १८८८ मध्ये त्याचे अनेक अभ्यास लंडनच्या संग्रहालयाला दिले आणि त्यानंतर रसिकांचे मत हळूहळू पालटत गेले. त्याच्या पूर्ण केलेल्या भव्य चित्रांपेक्षा हे अभ्यासच अधिक जिवंत आहेत, असे मानणारे अनेक समीक्षक आज आढळतात.

जॉन गॉफ रँड ह्याने १८४१ मध्ये दुमडता येणाऱ्या धातूच्या नळीचे एकस्व घेतले. त्यानंतर तयार रंग खिशात घालून बाहेर पडणे सुकर झाले. फ्लॉरेन्समधील ‘माक्क्याओली’ ह्या चित्रकारगटाने १८५० नंतरच्या काळात लहान, लांबट लाकडी फळ्यांवर उजेड व छाया ह्यांचे सुटे रंगखंड मांडून चित्रे रंगविली. गटाचे नावच ‘डाग’ ह्या अर्थाच्या इटालियन शब्दावरून पडले आहे. जॉर्ज सरा (१८५९–९१) ह्याने सु. २ × ३ मी. आकाराच्या आपल्या ‘ग्रांद झात’ बेटावरील चित्रासाठी (१८८४–८६) सु. १६ × २५ सेंमी. फळ्यांवर अनेक अभ्यास केले. १८८९ च्या ऑगस्टमध्ये मेलबर्न येथे टॉम रॉबर्ट्‌स, आर्थर स्ट्रीटन, चार्ल्स काँडर इ. चित्रकारांनी मुख्यतः सिगारपेट्यांच्या झाकणांवर केलेल्या लहान चित्रांचे प्रदर्शन भरविले. तेथील ज्येष्ठ समीक्षक जेम्स स्मिथ ह्याने ह्या चित्रांना अपुरी व ओबडधोबड ठरविले. आज त्यांतील चित्रे ऑस्ट्रेलियन कलेचा मोलाचा ठेवा समजली जातात. कॅनडाचा टॉम टॉमसन (१८७७–१९१७) ह्याने अखेरच्या काही वर्षांत अरण्यात राहून सु. २१ × २७ सेंमी. आकाराच्या शेकडो फळ्या रंगविल्या. अमेरिकेत चार्ल्स हॉथॉर्न (१८७२–१९३०) ह्याने १८९९ मध्ये सुरू केलेल्या शाळेत हा अभ्यास अध्यापनपद्धती म्हणूनच वापरला. प्रकाशाकडे पाठ करून बसलेल्या व्यक्तीचे नाक-डोळे न रंगविता केवळ रंगखंड शेजारी शेजारी ठेवावेत, असे तो विद्यार्थ्यांना सांगे.

महाराष्ट्रातील परंपरा : मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या स्थापनेपासून (१८५७) महाराष्ट्रात पाश्चात्त्य वास्तववादी चित्रणाचे शिक्षण रुजले. त्यात रेखाटनाला व छायाप्रकाशाच्या काटेकोर चित्रणाला अग्रस्थान होते. सामान्य जनांची तैलचित्राविषयीची कल्पना मात्र कलाशाळेपेक्षा छापील चित्रांनी अधिक घडविली. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) ह्यांच्या १८९४ मध्ये निघालेल्या छापखान्यातील शिळामुद्रित चित्रे घरोघरी पोहोचली. रविवर्म्यांच्या मूळ चित्रांतील कुंचलाकाम त्या छपाईत उतरणे शक्यच नव्हते. गुळगुळीत पृष्ठभाग, घोटून एकजीव केलेली कांती आणि कोठेही फटकारा न दिसणे ही उत्तम तैलचित्राची लक्षणे होत, असा समज त्यातून दृढ झाला. पुढे दिनदर्शिकांनी व छायाचित्रांनी तो टिकवून धरला. महाराष्ट्रात ‘सफाई’ हा चित्राचा पहिला गुण समजला जातो, त्यामागे हा इतिहास आहे.

ह्या समजाच्या विरुद्ध दिशेने काम करणारे चित्रकारही येथे होऊन गेले. गोव्यात सांगे येथे जन्मलेले व जे. जे. कलाशाळेत शिकून तेथेच अध्यापन करणारे आंतोनिओ झेव्हिअर त्रिंदाद (१८७०–१९३५) ह्यांच्या व्यक्तिचित्रांत व निसर्गचित्रांत छटांचे अचूक भान आणि ठाम कुंचलाकाम आढळते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृ. १९३१) ह्यांनी कोटितीर्थाच्या परिसरात राहून एकाच जागेची, पालटत्या प्रहरांतील व ऋतूंतील असंख्य निसर्गचित्रे केली. त्यांचे माध्यम मुख्यतः जलरंगांचे असले, तरी एकच विषय पुन्हा पुन्हा उजेडासमोर तपासण्याची त्यांची वृत्ती अभ्यासचित्राच्या परंपरेशी नाते सांगणारी आहे. त्यांच्या निर्मितीचा मोठा भाग आज उपलब्ध नाही. कॉन्स्टेबलचे अभ्यास कुटुंबीयांनी जपले, म्हणून पुढील पिढ्यांना त्यांचे मोल कळले. आपल्याकडे अभ्यासचित्र हे फळ्यावरील गणितासारखे पुसून टाकण्याचे काम समजले गेल्याने ह्या परंपरेचा पुरावाच विरळ झाला आहे.

शिक्षणपद्धती म्हणून मोकळ्या फटकाऱ्यांच्या चित्रणाला खरा आधार मिळाला तो महाराष्ट्राबाहेर, इंदूर येथे. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या तेथील कलाशाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर (१८९४–१९७८) ह्यांनी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेऊन प्रत्यक्ष उजेडात रंगविण्यास प्रवृत्त केले. ना. श्री. बेंद्रे (१९१०–९२), दे. ज. जोशी, विष्णु चिंचाळकर व काही काळ मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) हे ह्या शाळेत शिकले. बेंद्रे ह्यांच्या आरंभीच्या निसर्गचित्रांत रंगाचा ताजेपणा व फटकाऱ्यांचा नेमकेपणा दिसतो. पुढे त्यांनी अनेक शैली हाताळल्या आणि उत्तरकालात बिंदुवादाशी जवळीक असलेल्या स्पर्शांकडे ते वळले. सुट्या रंगस्पर्शावरचा त्यांचा विश्वास ह्या दीर्घ प्रवासात पूर्णपणे कधीच सुटला नाही. मुंबईत १९३० च्या दशकाच्या अखेरीस आलेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर (१९०५–७७) ह्यांनी आपल्या घरी जमणाऱ्या तरुण चित्रकारांना यूरोपीय आधुनिक चित्रांतील धीट रंगलेपनाची ओळख करून दिली. सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६), कृष्णाजी हौळाजी आरा (१९१४–८५) इ. चित्रकार त्यांच्या सहवासात आले. रझा ह्यांनी फ्रान्समध्ये १९५० नंतरच्या काळात केलेल्या निसर्गचित्रांतील जाड रंगलेप हा मात्र अभ्यासाचा भाग राहिलेला नाही. तेथे तो अभिव्यक्तीचे साधन बनला आहे. ही दोन प्रयोजने वेगळी ओळखली नाहीत, की जाड रंग म्हणजेच आधुनिकता असा गैरसमज होतो.

दख्खनच्या पठाराचे आव्हान : महाराष्ट्रातील निसर्गचित्रणात कोकणचा किनारा, नाशिकचे घाट, सह्याद्रीतील थंड हवेची ठिकाणे व कोल्हापूरची तळी हे विषय विपुल आढळतात. त्या मानाने मराठवाड्याचे कोरडे पठार कमी रंगविले गेले. हिरवाई व पाणी ह्यांच्या अभावी तेथे रंगविण्याजोगे थोडेच आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. न मिसळलेल्या फटकाऱ्याच्या अभ्यासाला मात्र हा प्रदेश विशेष अनुकूल ठरतो. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला हे त्याचे उत्तम उदाहरण होय. बोरी नदीच्या प्रवाहावर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल ही दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकीर्दीतील (१५८०–१६२७) रचना असून, पावसाळ्यात नदी भरून वाहू लागली म्हणजे बंधाऱ्यावरून ‘नर’ व ‘मादी’ ह्या नावांनी ओळखले जाणारे दोन धबधबे कोसळतात.

हे बांधकाम काळ्या पाषाणाचे आहे. ‘काळा पाषाण’ ह्या शब्दप्रयोगानेच चित्रकाराची पहिली फसगत होते. काळ्या रंगात पांढरा मिसळून केलेली करडी भिंत चित्रात निर्जीव दिसते. भर दुपारच्या उन्हात तटाचा उजळ भाग जवळजवळ फिकट तांबूस-करडा भासतो. छायेत आकाशाचा निळा प्रकाश मिसळतो. जमिनीलगतच्या भागावर तापलेल्या मातीचा तपकिरी उजेड परततो. आणि दगडांच्या सांध्यांतील खरा काळोख फारच थोड्या जागी उरतो. ह्या चार-पाच छटा मऊ कुंचल्याने एकत्र केल्या, तर त्यांचे मातेरे होऊन पुन्हा तीच निर्जीव करडी भिंत शिल्लक राहते. त्या सुट्या ठेवल्या, तर दगड दगडासारखा दिसतो आणि उन्हाची धगही जाणवते. धबधब्याबाबतही हेच खरे आहे. फेसाचा रंग पांढरा असतो ही माहिती बाजूला सारून पाहिले, तर ढगाळ दिवशी आकाशच फेसापेक्षा उजळ असल्याचे बहुधा आढळते. ही तुलना फलकावर दोन फटकारे शेजारी ठेवूनच करता येते. तुळजापूरच्या बाजारातील हळदी-कुंकवाच्या राशी, ज्वारी काढल्यानंतरच्या रानातील फिकट धसकटे व त्याखालची काळी माती, माघ-फाल्गुनातील करडईची पिवळी-नारिंगी फुले हे विषयही अशाच तुलनेची मागणी करतात. कुंकवाच्या राशीची छायेतील बाजू तांबड्यात काळा मिसळून मिळत नाही, हे एकदा प्रत्यक्ष रंगवून पाहिल्यावर पुन्हा सांगावे लागत नाही.

मर्यादा व मूल्यमापन : ह्या अभ्यासाचे दोषही लक्षात घेतले पाहिजेत. फटकारा जाड आहे म्हणून तो आपोआप खरा ठरत नाही. छटा चुकलेली असेल, तर जाड रंग केवळ खडबडीतपणा वाढवितो. पुढे हाताला ओळखीचे फटकारे सापडतात आणि चित्रकार निसर्गाऐवजी स्वतःच्या लकबीच रंगवू लागतो. सार्वजनिक प्रात्यक्षिकांत हा धोका विशेष जाणवतो. प्रेक्षकांसमोर तासाभरात चित्र उभे करण्याची कला कौतुकास्पद असली, तरी तेथे टाळी पडते ती वेगाला. आणि वेग हा अभ्यासाचा परिणाम असतो, साध्य नव्हे. घाईने मारलेला फटकारा व विचारपूर्वक एकदाच ठेवलेला फटकारा दुरून सारखे दिसू शकतात. त्यांतील भेद छटांच्या अचूकपणात असतो. शिवाय काही विषयांना मऊ, विरत जाणाऱ्या कडाच आवश्यक असतात. पहाटेचे धुके किंवा बालकाचा गाल केवळ सुट्या फटकाऱ्यांनी साधतोच असे नाही. म्हणून रंग एकजीव करण्याचे तंत्र त्याज्य ठरत नाही. ते छटा ओळखता येऊ लागल्यानंतर शिकावे, एवढेच ह्या अभ्यासाचे म्हणणे आहे.

महाराष्ट्रातील कलाशिक्षणात हा क्रम बहुधा उलटा असतो. जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणचा विद्यार्थी रंगाशी प्रथम परिचित होतो तो शासकीय रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने. त्यांतील स्थिरवस्तुचित्र व संकल्पचित्र ह्यांसाठी त्याला रेषेबाहेर न जाण्याची व रंग सपाट, स्वच्छ लावण्याची शिकवण मिळते. ही शिस्त उपयुक्त आहे. परंतु तिच्यामुळे सफाई आणि अचूकपणा ह्या दोन गोष्टी एकच आहेत, असे त्याच्या मनावर ठसते. तैलरंग हे खर्चिक, मोठ्या शहरातील कलाशाळेत गेल्यावरच हाताळण्याचे माध्यम वाटते. प्रत्यक्षात ते हाती येते, तेव्हा समोर बहुधा छायाचित्र असते आणि त्याची हुबेहूब, गुळगुळीत नक्कल हे कौशल्याचे प्रमाण ठरते. छायाचित्रात उजेडाचे निर्णय यंत्राने आधीच घेतलेले असतात. सावल्या गडद होऊन त्यांतील रंग हरवलेले असतात. त्याची नक्कल करणारा हात तयार होतो, परंतु डोळ्याला काम उरत नाही. ज्याच्या घरापासून काही अंतरावर नळदुर्गचा तट उभा आहे, त्याने तो तट छापील चित्रावरून रंगवावा, ही ह्या शिक्षणाची उणीव म्हणावी लागेल.

ती भरून काढण्यासाठी मोठी साधनसामग्री लागत नाही. तळहाताएवढी फळी, चार-पाच रंग, दोन कुंचले आणि दिवसाचा एक तास एवढ्यावर हा अभ्यास चालू शकतो. वर्षभर नियमाने तो करणाऱ्याजवळ शंभरांहून अधिक फळ्या जमतात. त्यांतील बहुसंख्य फसलेल्या असतात. तथापि त्या तारीखवार भिंतीला लावून पाहिल्या, तर नजर कोठे व कशी सुधारत गेली ह्याचा आलेख त्यांत मिळतो. म्हणून फसलेल्या फळ्यांपैकीही काही जपून ठेवाव्यात व प्रत्येकीच्या मागे स्थळ, तारीख आणि वेळ लिहावी. आबालालांच्या बाबतीत जो पुरावा विरळ झाला, तो निदान पुढील पिढीच्या बाबतीत राहील. अभ्यासचित्र हे अपुरे चित्र असते, ही समजूत सैल करण्यास असा पुरावा कोणत्याही युक्तिवादापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.